अवटू ग्रंथी व अल्प-कार्बोहायड्रेटी आहार

गळ्यातील अवटू ग्रंथीतून मुख्यतः थायरॉक्सिन (टी-४) हे हॉर्मोन स्रवते. यकृतादी ऊतकांत त्याचे अधिक क्रियाशील ट्रायआयोडोथायरोनिनात (टी-३) रूपांतर होते. कार्बोहायड्रेटे फार घटविल्यास हे रूपांतर मंदावून रक्तातील टी-३ उतरते; टी-४ व पोष ग्रंथीचे अवटू-उद्दीपक हॉर्मोन मात्र बहुधा फारसे बदलत नाहीत. म्हणून केवळ कमी टी-३ म्हणजे अवटुन्यूनत्व नव्हे. तेवढ्यावरून गोळ्या सुरू करणे अयोग्य, तशाच चालू गोळ्या आहार बदलला म्हणून स्वतःहून सोडणे धोक्याचे. रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळ्यासारख्या किनारी गावी भात (व तांदळाचे मोदकही) वर्ज्य केल्याने आयोडीन घटत नाही. तांदळात ते अत्यल्पच असते. ते मिळते समुद्री मासळीतून व आयोडीनयुक्त मिठातून. शाकाहारी व्यक्तीने त्याऐवजी साधे सैंधव वापरल्यास मात्र तुटवडा संभवतो.