शरीररचनाशास्त्राचे अध्यापन आणि विद्यार्थ्याची भाषा : खांडबारा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. २०२० मध्ये नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि एम.बी.बी.एस.चे शिक्षण जिल्ह्यातच उपलब्ध झाले. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील, नवापूर तालुक्यातील खांडबारा हे या जिल्ह्यातील एक गाव. या परिसरात घरी मावची, कोकणा, भिली यांसारख्या बोली, शाळेत मराठी, तर सीमा जवळ असल्याने बाजारात गुजरातीही कानी पडते. अशा वातावरणात वाढलेला विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा पहिल्याच वर्षी त्याची गाठ शरीररचनाशास्त्राशी पडते. या विषयाचे अध्यापन इंग्रजीत होते आणि त्यातील संज्ञा लॅटिन व ग्रीक मुळांच्या असतात. घरच्या बोलीपासून या संज्ञांपर्यंत त्याला चार भाषिक पायऱ्या चढाव्या लागतात.

शरीररचनाशास्त्र म्हणजे केवळ पाठांतर, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात नाव, स्थान आणि स्पर्श या तिहींची सांगड घालणे हे या विषयाचे खरे काम होय. ही सांगड घालताना विद्यार्थ्याची स्वतःची भाषा अडथळा नसून साधन ठरते, आणि पुढे रुग्णापर्यंत पोहोचण्याचा मार्गही तीच असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विषयाचे स्वरूप आणि व्याप्ती

भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ पासून लागू केलेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्रासाठी ६७५ तास निश्चित करण्यात आले. त्यांपैकी २२० तास व्याख्यानांचे, ४१५ तास प्रात्यक्षिके व लहान गटांतील अध्ययनाचे आणि ४० तास स्वयंअध्ययनाचे होते. विषयाची विभागणी ८२ घटकांत व ४०९ अपेक्षित क्षमतांत केलेली होती. पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३च्या नियमांनी प्रथम वर्ष उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्नांची मर्यादा घातली. त्यामुळे पहिल्या वर्षात भाषेमुळे मागे पडणे ही केवळ गुणांची बाब राहत नाही. संपूर्ण शिक्षणच त्यामुळे धोक्यात येऊ शकते.

या विषयाचा गाभा शवविच्छेदन हा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात विच्छेदनाची पद्धत वर्णिलेली आहे. मृतदेह मुंज इत्यादी तृणांनी वेष्टून वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवावा व सात रात्रींनंतर बाहेर काढून कुंचल्याने हळूहळू थर खरवडत त्वचेपासून आतील सर्व भाग डोळ्यांनी पाहावेत, असा तिचा आशय आहे. शास्त्र वाचणे आणि शरीर पाहणे या दोहोंनी मिळून ज्ञान वाढते, ही दृष्टी त्यामागे आहे. आधुनिक काळात १८३६ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी केलेले शवविच्छेदन ही या शिक्षणाची महत्त्वाची सुरुवात मानली जाते. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८६१ मध्ये तेथे मराठी व गुजराती माध्यमांचे वर्ग निघाले. म्हणजे देशी भाषेतून वैद्यक शिकविण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही.

विच्छेदनासाठी मृतदेह उपलब्ध होण्याची कायदेशीर व्यवस्था महाराष्ट्रात १९४९च्या ॲनाटॉमी कायद्याने झाली. बेवारस तसेच दान केलेले देह या कायद्यानुसार शिक्षणसंस्थांना मिळतात. विच्छेदनापूर्वी विद्यार्थ्यांकडून आदराची शपथ घेण्याची प्रथा आता अनेक महाविद्यालयांत आहे. देहदात्यास विद्यार्थ्याचा पहिला गुरू म्हटले जाते, ते यथार्थच आहे. नव्या जिल्ह्यात देहदानाची चळवळ रुजवायची असेल, तर त्या त्या समाजाच्या अंत्यविधींविषयीच्या श्रद्धा समजून घेऊन त्यांच्याच भाषेत संवाद साधावा लागेल.

संज्ञा आणि रोजची भाषा

या शास्त्रातील पहिला धडा शारीरिक स्थितीचा असतो. व्यक्ती ताठ उभी, नजर समोर, हात शरीरालगत आणि तळहात पुढे, अशी ही स्थिती कल्पिलेली असते. वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर हे सर्व शब्द याच स्थितीच्या संदर्भात योजले जातात. डावे-उजवेही पाहणाऱ्याचे नसून त्या शरीराचे असते. ही कल्पना कोणत्याही भाषेत नवीनच असल्याने येथे सर्व विद्यार्थी एकाच पातळीवर असतात.

खरा गोंधळ पुढे होतो. इंग्रजी व्यवहारात 'आर्म' म्हणजे संपूर्ण हात, तर शास्त्रात खांद्यापासून कोपरापर्यंतचाच भाग. 'लेग' म्हणजे शास्त्रात केवळ गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. मराठी विद्यार्थी 'लेग'चे भाषांतर 'पाय' असे करतो आणि चुकतो. वास्तविक मराठीत दंड, मांडी, पोटरी, नडगी, मनगट, घोटा असे नेमके शब्द आहेत. 'आर्म म्हणजे दंड' एवढे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले, तर हा गोंधळ टळतो.

याउलट काही ठिकाणी रोजची भाषा ढोबळ आहे. 'नस' हा शब्द पाहावा. 'नस दबली' म्हणताना चेतातंतू अभिप्रेत असतो, 'नसा फुगल्या' म्हणताना नीला, 'नस कापली' म्हणताना कोणतीही रक्तवाहिनी, आणि 'नसेवर नस चढली' म्हणताना बहुधा स्नायूचा पेटका. विच्छेदनात धमनी, नीला, चेतातंतू व कंडरा वेगवेगळ्या हाती लागतात, तेव्हा एका शब्दाचे चार पदार्थ होतात. हा भेद शब्दांत मांडून दाखविला, तर तो पक्का होतो. 'काळीज' हा शब्दही असाच आहे. त्याचे मूळ यकृतवाचक 'कालेय' या संस्कृत शब्दात आहे, मांसाच्या दुकानातील 'कलेजी' यकृतच असते, परंतु बोलण्यात काळीज म्हणजे हृदय. 'पोट' या शब्दात जठर आणि संपूर्ण उदर दोन्ही सामावतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'फीमर' ऐवजी 'ऊर्वस्थि' म्हटल्याने विषय सोपा होत नाही. खांडबाऱ्याच्या विद्यार्थ्याला दोन्ही शब्द सारखेच परके आहेत. त्याच्या ओळखीचा शब्द 'मांडीचे हाड' हा आहे. म्हणून मातृभाषेचा आधार म्हणजे संस्कृतप्रचुर परिभाषेची सक्ती नव्हे.

शब्दमुळांचा उपयोग

१८९५ मध्ये बाझल येथे शारीर संज्ञांची पहिली प्रमाणित यादी स्वीकारण्यात आली. तत्पूर्वी सुमारे पाच हजार रचनांना सुमारे पन्नास हजार नावे होती. आज १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली व त्यानंतर सुधारलेली 'टर्मिनोलॉजिआ ॲनाटॉमिका' ही यादी आधारभूत मानली जाते. ही नावे जगभर समान असल्याने ती शिकण्याला पर्याय नाही. २०२२ मध्ये भोपाळ येथे प्रकाशित झालेल्या हिंदी वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतही तांत्रिक संज्ञा देवनागरीत तशाच ठेवण्यात आल्या.

मात्र या संज्ञा वाटतात तितक्या परक्या नाहीत. लॅटिन 'जेनू' आणि संस्कृत 'जानु', 'डेन्स' आणि 'दंत', 'नासुस' आणि 'नासा', ग्रीक 'ऑस्टिऑन' आणि 'अस्थि', लॅटिन 'येकुर' आणि 'यकृत्', ग्रीक 'स्प्लेन' आणि 'प्लीहन्' या जोड्या एकाच भाषाकुलातील सख्खे शब्द आहेत. भाषेच्या प्राध्यापकाने असा एक तास घेतला, तर पाठांतराचा भार निश्चितच हलका होईल.

एक उदाहरण : प्लीहा

भाषेचा प्रश्न परीक्षेपुरता नाही, हे प्लीहेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. प्लीहेला मराठीत पाणथरी असेही म्हणतात. तिच्यासाठी विद्यार्थी १, ३, ५, ७, ९, ११ हे आकडे लक्षात ठेवतात : जाडी सुमारे १ इंच, रुंदी ३ इंच, लांबी ५ इंच, वजन ७ औंस आणि स्थान डाव्या बाजूच्या ९व्या ते ११व्या बरगडीआड. निरोगी व्यक्तीत ती सहसा हाताला लागत नाही. वाढली, तर खालील आधारबंधामुळे सरळ खाली न जाता तिरपी, बेंबीच्या व उजव्या जांघेच्या दिशेने सरकते. तिच्या कडेवरील खाच बोटांना जाणवते.

नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल आजार आढळतो. या आजाराच्या लहान मुलांत प्लीहेत अचानक रक्त साचून ती झपाट्याने वाढू शकते व काही तासांत मूल दगावू शकते. जमैकात पालकांना मुलाची प्लीहा चाचपण्यास शिकविल्यानंतर या गुंतागुंतीने होणारे मृत्यू लक्षणीय घटल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आता खांडबाऱ्याजवळच्या पाड्यातील आईला हेच शिकवायचे असेल, तर 'डाव्या बरगडीखाली बोटे ठेवा' हे तिला समजेल अशा बोलीत सांगणारा डॉक्टर हवा. संज्ञेचा प्रवास विच्छेदनकक्षापासून त्या आईच्या बोटांपर्यंत पूर्ण झाला, तरच शिक्षण सार्थकी लागते.

अध्यापनासाठी काही सूचना

१) प्रत्येक नवी संज्ञा सांगताना तिचे मूळ, रोजचा मराठी शब्द आणि स्वतःच्या शरीरावरील स्थान ही तिन्ही एकत्र द्यावीत.

२) विच्छेदनाच्या टेबलाशी विद्यार्थ्यास रचनेचे वर्णन प्रथम स्वतःच्या भाषेत व लगेच इंग्रजीत करण्यास सांगावे. समज आणि भाषा यांपैकी नेमके काय कमी पडते, हे शिक्षकास त्यावरून कळते.

३) २०१९च्या अभ्यासक्रमातील १७५ तासांच्या पायाभूत वर्गात भाषा व संगणक कौशल्यांसाठी ४० तास होते. अशा वेळेचा उपयोग बाहेरून आलेल्यांना मराठी शिकविण्यापुरता न ठेवता मावची, भिली इत्यादी बोलींतील शरीरवाचक शब्दांच्या संकलनासाठी करावा. येथे आदिवासी विद्यार्थी इतरांचा शिक्षक होतो. त्याच्या आत्मविश्वासासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

४) परीक्षा इंग्रजीत असल्याने तोंडी परीक्षेचा सराव पहिल्या महिन्यापासूनच द्यावा. मातृभाषेचा आधार हा इंग्रजीला पर्याय नसून तिच्यापर्यंत नेणारा पूल आहे.

५) परिसरातील कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील मराठी व जीवशास्त्र विभागांनी या शब्दसूचीच्या कामात सहभागी व्हावे.

निष्कर्ष

शरीररचनाशास्त्रात शरीर तेच राहते, नावे मात्र भाषेनुसार बदलतात. नावांच्या ओझ्याखाली दबलेला विद्यार्थी शरीर पाहू शकत नाही आणि नावाविना पाहिलेले शरीर त्याच्या स्मरणात राहत नाही. नंदुरबारसारख्या बहुभाषिक जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिल्याने ही अडचण दूर करण्याची संधी जिल्ह्यातच निर्माण झाली आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. शिक्षकाची तयारी आणि विद्यार्थ्याच्या बोलीविषयीचा आदर या दोन गोष्टी पुरेशा आहेत.