यकृताच्या रक्षणाचा बंदोबस्त

रत्नागिरीच्या दक्षिणेस वसलेल्या पावसच्या बागांतून वैशाखात उतरणाऱ्या हापूसला ज्या बीटा-कॅरोटीनचा केशरी रंग लाभतो, त्याचेच शरीरात जीवनसत्त्व ‘अ’ होते व त्याचा मोठा साठा यकृतात राहतो. त्यापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल पेशीकेंद्रकातील ग्राही प्रथिनांशी संयोग पावते, आणि ही प्रथिने डीएनएवरील नियत स्थळी बसून कोणत्या जनुकाचा अंमल सुरू व्हावा याचा हुकूम देतात.

याच कुलातील, १९९० मध्ये उंदराच्या यकृतातून ओळखला गेलेला ‘पीपार-अल्फा’ हा ग्राही ‘आरएक्सआर’ या सहकाऱ्याशी जोडी करून कार्य करतो. उपवासात यकृतात येणारी मेदाम्ले त्यास जागृत करतात व मेद जाळणाऱ्या एंझाइमांची निर्मिती वाढते. परंतु त्या ज्वलनातून पेशीस अपायकारक असे हायड्रोजन पेरॉक्साइडही उत्पन्न होत असल्याने, त्याचे पाणी व प्राणवायू यांत विघटन करणाऱ्या कॅटॅलेज या संरक्षक एंझाइमाची वाढही, निदान उंदीरवर्गीय प्राण्यांत, याच ग्राहीच्या प्रेरणेने होते, ही निसर्गाची तजवीज खरोखर विस्मयकारक होय.

एवढ्यावरून आंबा यकृतविकारावरील औषध ठरत नाही. वाचकांनी मद्य वर्ज्य करावे, आहार समतोल ठेवावा आणि जीवनसत्त्व ‘अ’च्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत; कारण त्यांचा अतिरेक यकृतालाच घातक ठरतो.