मोटारगाडीच्या दरवाजांचा आवाज

मोटारगाडीचा दरवाजा उघडताना, मिटताना किंवा गाडी धावत असताना त्यातून येणारी करकर, खडखड अथवा शीळ यांस सामान्यतः दरवाजाचा आवाज म्हणतात. तो बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु बिजागरी झिजल्याचे किंवा कुलूप पूर्ण न बसल्याचे ते पहिले लक्षणही असू शकते. त्यामुळे आवाज बंद करण्यापूर्वी त्याचे स्थान निश्चित करणे आवश्यक ठरते.

कारणे

दरवाजा उघडतानाची करकर प्रायः बिजागरीच्या पिनेवरील वंगण संपल्याने होते. टप्प्याटप्प्याने येणारा 'कट्कट्' आवाज मात्र दरवाजा अर्धवट कोनात थोपवून धरणाऱ्या पट्टीचा असतो. ही पट्टी बिजागऱ्यांच्या मधोमध असल्याने दोहोंची गल्लत होते.

धावत्या गाडीतील कुरकुर अधिक फसवी असते. खड्ड्यातून जाताना गाडीचा सांगाडा किंचित पिळला जातो आणि दरवाजाभोवतीचे रबर चौकटीवर घासते. रबर क्षणभर चिकटते व लगेच सुटते. सारंगीच्या तारेवर गज फिरताना नाद उमटतो तो याच क्रियेने. वेग वाढल्यावर येणारी शीळ ही रबर दबून पडलेल्या फटीतील हवेची असते.

काचेच्या दुरुस्तीनंतर खडखड सुरू झाल्यास आतील आवरणाच्या प्लॅस्टिक क्लिपा तुटल्याचा संशय प्रथम घ्यावा. पाणी हिंदकळल्यासारखा आवाज मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणे रचनेतच गृहीत धरलेले असते व ते तळाच्या छिद्रांवाटे निघून जाते. छिद्रे चिखलाने बुजली की पाणी साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. कोकणातील दीर्घ पावसाळ्यापूर्वी ही छिद्रे मोकळी करून घेणे हितावह असते.

उपाय

बिजागरी व पट्टी पुसून त्यांना लिथियम ग्रीस लावतात. रबर ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर त्यास सिलिकॉनयुक्त वंगण लावतात. शिलाई यंत्राचे किंवा इंजिनाचे तेल रबरास लावू नये. खनिज तेलाने दरवाजाचे रबर फुगते व सैल पडते. रबर आणि चौकट यांमध्ये कागदाची पट्टी धरून दरवाजा लावावा. ती विनासायास ओढली गेली तर तेथील दाब अपुरा आहे असे समजावे. उघडा दरवाजा कडेला धरून वर उचलल्यास तो हलत असेल तर पिन झिजलेली असते व ग्रीसचा उपयोग नसतो.

कुलूप आणि सुरक्षितता

दरवाजाचे कुलूप दोन टप्प्यांत बसते. पहिल्याच टप्प्यावर अडकलेला दरवाजा मिटलेला दिसतो, पण खडखडतो. अशा स्थितीत गाडी चालवू नये. अपघातात दरवाजा उघडून प्रवासी बाहेर फेकला जाण्याचा धोका मोठा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या करारान्वये २००४ साली स्वीकारलेला पहिला जागतिक तांत्रिक नियम दरवाजांची कुलपे व बिजागऱ्या यांविषयीचाच आहे.

चौकटीवरील ज्या कडीत कुलूप अडकते तिला गॅरेजात 'स्ट्रायकर' म्हणतात. ती सरकली असल्यास मूळ जागेभोवती पेन्सिलीने खूण करून, स्क्रू थोडे सैल करून, एकेका मिलिमीटरने हलवून पाहतात. दरवाजा जोराने आपटणे हा रूढ उपाय कडी व कुलूप दोहोंची झीज वाढवतो. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा संवेदक दरवाजाच्या पोकळीत असतो. अशा गाडीचे आतील आवरण घरी उघडू नये.