पळस यंदा कधी फुलला?

गेवराई तालुक्यातले तलवाडा त्वरितादेवीच्या मंदिरासाठी ओळखले जाते. महाशिवरात्रीच्या सुमारास, रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असताना, बीड जिल्ह्यातल्या माळांवर आणि बांधांवर पळस केशरी होऊन उठतो. झाडावर पान दिसत नाही, नुसती फुले. हाच पळस गेल्या वर्षी कधी फुलला होता, असे गावात विचारले, तर उत्तर ठरलेले असते : होळीच्या आसपास.

अडचण अशी, की होळी तिथीने येते. २०२४ मध्ये ती २४ मार्चला होती, २०२५ मध्ये १३ मार्चला. त्यामुळे पळस लवकर फुलला की होळीच उशिरा आली, हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही.

जपानमध्ये साकुरा म्हणजे चेरी फुलली, की लोक घरचे डबे घेऊन झाडाखाली बसतात. या परंपरेला 'हानामी' म्हणतात, म्हणजे फुले पाहणे. क्योटो शहरातल्या दरबारी मंडळींनी आणि भिक्षूंनी या बहराचे दिवस आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. यासुयुकी आओनो या संशोधकांनी अशा नोंदी जुळवल्या. त्यातली सर्वांत जुनी नोंद इ. स. ८१२ ची आहे. २०२१ मध्ये क्योटोतला बहर २६ मार्चलाच भरात आला आणि १४०९ सालचा २७ मार्चचा विक्रम मोडला. हवामान तापते आहे, याचा पुरावा असा सहज केलेल्या नोंदींतून मिळाला. तिथला हवामान विभाग आजही ठरावीक झाडे पाहतो. त्या झाडावर पाच-सहा फुले उमलली, की बहर सुरू झाल्याचे जाहीर होते.

चेरीच्या कळीला आधी थंडी लागते, मग ऊब. थंडीत कळीची झोप पुरी होते आणि उबेने ती उमलते. म्हणून वसंत लवकर तापला, तर फुलेही लवकर येतात. मात्र हिवाळाच पुरेसा थंड नसेल, तर बहर लांबतो किंवा विस्कळीत होतो.

पळसाचे गणित वेगळे आहे. कोरड्या दिवसांत पाने गाळली, की त्यांच्यावाटे होणारे बाष्पीभवन थांबते आणि पाणी वाचते. पाने नसल्यामुळे फुले लांबून दिसतात. पोपटाच्या चोचीसारख्या या फुलांना वास नाही, पण मध भरपूर. रंग पाहून शिंजीर, साळुंकी, कोतवाल येतात आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर नेतात. पुढे चपट्या शेंगा धरतात. प्रत्येक शेंगेत एकच बी. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या वाऱ्यावर उडतात आणि पावसाच्या तोंडावर बी मातीत पडते. या साखळीत फुलण्याची वेळ महत्त्वाची आहे. ती सरकली, तर मधावर येणारे पक्षी आणि पावसाची वाट पाहणारे बी, दोघांचाही मेळ बिघडू शकतो.

पळसाला पाने तीनच, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या पानांच्या पत्रावळींवर आपण जेवलो, फुले उकळून रंगपंचमीचा रंग केला. राहिली ती फक्त तारीख लिहायची.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रोजच्या वाटेवरचे एकच झाड ठरवा. सकाळी ऊन चढण्याआधी फिरायला जाताना त्याच्याकडे पाहा. पायांना चाल मिळेल आणि डोळ्यांना विसावा. पहिले फूल कधी दिसले, झाड भरून कधी फुलले, नवी पालवी कधी आली, या तीन तारखा लिहा. दरवर्षी झाड तेच ठेवा. एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका. एखादे वर्ष पुढे-मागे होतेच. दहा-वीस वर्षांची नोंद मात्र बोलू लागते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब आणि सिलिंडरची तारीख आपण लिहितोच. त्याच चौकोनात पळसालाही जागा होईल. फक्त वर्ष संपल्यावर ते कॅलेंडर रद्दीत घालू नका.