एक कलह, दोन कथा

मधल्या सुटीत आमच्या वर्गातील दोन विद्यार्थ्यांचा कडाक्याचा वाद जुंपला. ‘सिव्हिल वॉर’च्या अखेरीस कॅप्टन अमेरिका शरण जातो, असे एकाचे म्हणणे, मुळीच जात नाही, असे दुसऱ्याचे. प्रकरण अबोल्यापर्यंत गेले, तेव्हा आम्हांस मध्ये पडावे लागले. चौकशीअंती कळले, की एकाने चित्रकथा वाचली होती आणि दुसऱ्याने चित्रपट पाहिला होता. दोघेही खरेच बोलत होते!

वडीलधाऱ्या वाचकांस १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स आठवत असतील. तीत वेताळाची कथा निराळी, जादूगार मँड्रेकची निराळी. अमेरिकेतील मार्व्हल प्रकाशनाने मात्र आपले वीर एकाच जगात नांदविले. अनेक वीरांच्या स्वतंत्र मालिका एका प्रसंगाभोवती गुंफल्या, की त्यास ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. आपल्या कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर चहूकडून गाड्या येतात, क्षणभर एकत्र होतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात, तसाच हा प्रकार.

२००६-०७ मधील ‘सिव्हिल वॉर’ या मूळ मालिकेचे सात अंक मार्क मिलर यांनी लिहिले व स्टीव्ह मॅकनिव्हन यांनी चितारले. काही तरुण वीरांच्या अविचारी चढाईत स्टॅमफर्ड गावी शाळेजवळ स्फोट होतो आणि सुमारे ६०० माणसे मरतात. तेव्हा सरकार कायदा करते, की प्रत्येक वीराने आपले नाव नोंदवावे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. स्पायडर-मॅन सर्वांसमक्ष मुखवटा उतरवितो. याच घटना इतर वीरांच्या मासिकांतूनही पुढे चालतात. त्यामुळे गावातील एकच तंटा घरोघरच्या तोंडून ऐकावा, तसे वाचकास होते. अखेरीस सामान्य नागरिकच कॅप्टनला धरून आवरतात. आपल्या लढ्याने झालेली नासधूस पाहून तो शस्त्र खाली ठेवतो.

२०१६ च्या चित्रपटास अवघी अडीच तासांची मर्यादा. विमानतळावरील लढाईत दोन्ही बाजूंस सहा-सहाच वीर. फँटॅस्टिक फोर व एक्स-मेन यांचे चित्रपटाचे हक्क तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे होते. म्हणून ते येथे नाहीत. कायद्याचा वाद येथेही आहे, पण कलहाचे मूळ हळूहळू घरगुती दुःखाकडे वळते. आपल्या आईबापांचा वध कॅप्टनच्या मित्राच्या हातून झाला, हे आयर्न मॅनला कळते. त्या मित्राचे मन दुसऱ्यांच्या ताब्यात होते, हे खरे. परंतु पुत्राचा शोक ते कसे ऐकणार? कॅप्टन शरण जात नाही. ढाल टाकून, मित्रास आधार देत निघून जातो.

यांत श्रेष्ठ कोणती, असे आम्हांस विचाराल, तर उत्तर देण्याची आम्हांस घाई नाही. चित्रकथा विचारते : सामर्थ्यवानाने कोणास जाब द्यावा? चित्रपट विचारतो : मित्र आणि न्याय यांत ओढाताण झाली, तर मनुष्याने काय करावे? दोन्ही प्रश्न आपल्या घरांत व शाळांतही उठतात.

त्या दोघांनी आता अदलाबदल केली आहे : एक चित्रपट पाहणार, दुसरा अंक वाचणार. वाद अजून मिटलेला नाही. अबोला मात्र मिटला आहे.