दर्शनाचे ग्रंथ वाचनात आले

मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत धवला, जयधवला आणि महाधवला यांची ताडपत्रे शतकानुशतके जपली गेली. यात्रेकरू दर्शन घेत, भेट ठेवीत आणि परत फिरत. जुनी कन्नड लिपी वाचणारे विरळ होते. मुंबईचे शेठ माणिकचंद १८८३ मध्ये संघ घेऊन तेथे गेले, तेव्हा जीर्ण होत चाललेली पाने पाहून ते अस्वस्थ झाले. ती चिंता त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या कानी घातली. व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती उपाध्याय यांच्याकरवी प्रतिलेखन सुरू झाले. अट एकच होती, प्रत बसदीबाहेर जाऊ नये.

गजपतींनी मात्र घरी गुप्तपणे दुसरी प्रत उतरविली. पत्नी लक्ष्मीबाईंचे त्यांना साह्य होते. ती प्रत सोलापुरास आली, तेव्हा हिराचंदांनी ती घेण्यास नकार दिला. ग्रंथोद्धाराची एवढी तळमळ असूनही व्यवहाराची नीती त्यांनी सोडली नाही. पुढे सहारनपूरच्या लाला जंबुप्रसादांनी ती घेतली. तेथे देवनागरी प्रत करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी एक प्रत स्वतःजवळ ठेवली आणि तिच्यावरून आरा, सागर, कारंजा येथे ग्रंथ पोहोचला. वचनभंगावाचून तो आणखी किती काळ पेटीत राहिला असता, हा प्रश्न आजही अवघडच आहे.

१९३९ मध्ये अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला आणि विद्वानांपुढे नवे विश्व उघडले. लखनौचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांना वीरसेनाचार्यांच्या कर्मसिद्धान्ताच्या विवेचनात ‘अर्धच्छेद’ आढळला. एखादी संख्या कितीदा निम्मी करता येते, ती गणती म्हणजे अर्धच्छेद. बत्तिसाचे अर्धच्छेद पाच. आजच्या भाषेत हे दोन पायाचे लॉगॅरिथम होय. युरोपात लॉगॅरिथम सतराव्या शतकात आले. धवला नवव्या शतकाच्या आरंभीची. भारतीय गणिताच्या इतिहासकारांना हे प्रकरण नव्याने लिहावे लागले.

समाजात मात्र अधिक खळबळ एका शब्दाने उडाली. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रात मनुष्यिणींच्या गुणस्थानांचा उल्लेख आहे. हाती असलेल्या प्रतींत तेथे ‘संजद’, म्हणजे संयत, हे पद नव्हते. अर्थाच्या ओघात ते असावे, असे संपादकांनी टीपेत सुचविले. स्त्रीच्या मोक्षाचा जुना वाद त्यामुळे पुन्हा पेटला. अखेर मूडबिद्रीची मूळ ताडपत्रे ताडून पाहिली गेली. तेथे ‘संजद’ होते.