तबक जपानचं, चीक बिब्ब्याच्या भावकीतला

जपानी चहा म्हटला की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं: गुडघे मोडून बसलेला यजमान, हातात चकचकीत काळं तबक, त्यात हिरव्या चहाचा वाडगा. यातलं तबकच चुकीच्या जागी आहे. माच्चा म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या औपचारिक विधीत वाडगा तबकातून पुढे येत नाही. यजमान तो थेट तातामीच्या चटईवर ठेवतो आणि पाहुणा उचलून घेतो. नवशिक्यांना शिकवतात त्या एका सुटसुटीत पद्धतीत गोल तबक असतं, पण ते साहित्य मांडण्यापुरतं. तबकाचं खरं राज्य आहे ते घरोघरच्या रोजच्या सेन्चामध्ये, म्हणजे पानांच्या चहात. तिथे किटली आणि छोट्या पेल्यांची ने-आण त्याच्याशिवाय होत नाही.

हाताने घडवलेलं म्हणजे सरदार-दरकदारांसाठी बनलेलं, हाही समज पक्का आहे. इशिकावा प्रांतात यामानाका या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाजवळ वागातानी नावाचं डोंगराळ खेडं होतं. तिथले लोक चेस्टनटच्या ओंडक्यांपासून छपरं शाकारायच्या पातळ फळ्या काढत. त्याच लाकडातून फावल्या वेळात तबकं कोरली जात. लाकूड रेषेरेषेने फोडायचं आणि एकाच फळीत गोल पटाशीने शेजारीशेजारी चर पाडत तळ खोदायचा. ना सांधा, ना खिळा. हीच ‘वागाता-बोन’. त्यांच्या तळावरचे पटाशीचे पट्टे पाहून ‘काम अर्धवट राहिलंय’ असं वाटतं खरं, पण ते पट्टे जाणूनबुजून ठेवलेले असतात आणि तबकाचा सगळा डौल त्यांच्यातच आहे.

१९६०च्या दशकात तिथे धरण झालं आणि खेडं पाण्याखाली गेलं. कला मात्र बुडाली नाही. क्योतोचे लाकूडकारागीर कुरोदा तात्सुआकी (१९०४–१९८२) यांनी जुन्या तबकांचा अभ्यास करून स्वतः तशी तबकं घडवली. १९७० साली जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. खेडुतांच्या फावल्या वेळातल्या कामाला असा वारस मिळणं विरळाच.

तबकांवरच्या चमकदार लेपाबद्दल तर मराठी माणसाची फसगत ठरलेली, कारण आपल्याला सावंतवाडीचं लाखकाम ठाऊक असतं. लाख ही किड्यांपासून मिळणारी राळ. कातयंत्रावर फिरत्या लाकडाला तिची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. जपानी ‘उरुशी’ हा झाडाचा चीक आहे. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा पाडून एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक निघतो आणि मग बहुतेकदा ते झाड तोडूनच टाकतात.

हे झाड बिब्ब्याच्या कुळातलं; आंबा आणि काजूही त्याच भावकीतले. बिब्बा उततो तशीच ओली उरुशीही उतते. अंगाला खाज सुटते, फोड येतात. त्यामुळे ‘उरुशीच्या भांड्यात खाणं विषारी’ अशी भीती कुणी घातली तर पटकन पटते. पण पूर्ण पक्क्या झालेल्या उरुशीचा असा त्रास सहसा होत नाही. जपानी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाडग्यांतून सूप पीत आली आहेत.

आणि ती पक्की कशी होते? उन्हात ठेवून नव्हे. चिकातलं विकर हवेतल्या ओलाव्यात काम करतं, म्हणून कारागीर तबक दमट, उबदार कपाटात ठेवतात. तिथली आर्द्रता साधारण ७० ते ८० टक्के असते. कोकणातला पावसाळा रंगाऱ्याला वैताग आणतो, उरुशीवाल्याला मात्र तो मानवला असता.

उरुशीचं तबक वापरताना फार जपावं लागत नाही. कोमट पाण्याने धुवावं, मऊ फडक्याने पुसावं. भिजत घालू नये, डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह टाळावा आणि उन्हात ठेवू नये, कारण सूर्यप्रकाशात उरुशी फिकी पडते.

सगळीच काळी तबकं उरुशीची मात्र नसतात. बाजारातल्या कितीतरी तबकांचा गाभा प्लॅस्टिकचा आणि लेप कृत्रिम रंगाचा असतो. काहींवर काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंग चढवतात आणि दिसायला तो उरुशीचा सख्खा भाऊ वाटतो. जपानच्या घरगुती वस्तूंच्या कायद्यानुसार गाभा कशाचा आणि लेप कशाचा हे लेबलवर द्यावं लागतं. तेव्हा दुकानात चमक बघण्याआधी तबक उलटं करून ते लेबल कुणाकडून तरी वाचून घ्यावं.